बेकरीतून भाजून आणायचो ती नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये जमते का?

निंबोणी
दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत भरून गल्लीतल्या बेकरीत जायचं आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घेऊन यायचं, हे ज्यांनी केलंय त्यांच्यासाठी हा धागा. ज्यांनी केलं नाही त्यांनीही या, पण "दुकानात मिळते की आयती" हा प्रतिसाद कृपया नको.

तर झालंय असं. घरी नवा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आलाय. बाबांना (सत्तरी पार, शुगर आहे, जीव मात्र गोडात) ती जुनी नानकटाई खायचीय. आई अंडं खात नाही, तो प्रश्न इथे आपोआपच सुटतो. लेकीला चॉकलेट केक हवाय, त्याचं नंतर बघू. जालावरची एक पाककृती (पाकृ) घेऊन केली. वेलदोडा-जायफळ झकास, खायला छान. बाबांनी एक खाल्ली आणि म्हणाले, "बिस्किटं चांगली झालीत." नानकटाई म्हणायला तयार नाहीत! त्यांना हवी आहे ती वरून भेगाळलेली, टाळूला लावली की विरघळणारी आणि बुडाला किंचित खरपूस. घरी हे होतं का, की भट्टी ती भट्टीच?

अर्धा_चमचा
आधी वाचनखूण साठवली, मग प्रतिसाद. बटर वापरलंत की तूप?

निंबोणी
बटर. सगळ्या व्हिडिओंत बटरच होतं.

अर्धा_चमचा
मग बाबा बरोबर बोलले. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मैद्याला पाणी मिळालं की ग्लुटेन (पिठाला चिवट करणारं प्रथिन) धरतं, आणि नानकटाईत नेमकं तेच नको असतं. तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून तुपातली नानकटाई भुसभुशीत होते आणि बटरमधली कडक तुटते. वर खारवलेलं बटर असेल तर चवही बिस्किटाकडेच जाते.

पेठेतला_प्रभू
धाग्याचं शीर्षक वाचून डोळ्यांसमोर बेकरीच्या दारातली डब्यांची रांग आली. प्रत्येक ट्रेवर आडनावाची चिठ्ठी. आपल्या पिठातलं तूप बेकरीवाला काढून घेतो असा पक्का संशय प्रत्येक घरातल्या आजीला असायचा, म्हणून नातवंडांना पहाऱ्याला बसवलं जायचं. पहारेकरी तुटक्या नानकटाया खात बसलेले, त्यामुळे तूप गेलं की राहिलं हे कुणालाच कळलं नाही. आजीला हिशेब मात्र तोंडपाठ: अमुक किलो मैदा दिला, तर अमुक नानकटाया यायलाच हव्यात.

बाकी ओटीजीत ती चव येणार नाही. प्रयत्न करायला हरकत नाही.

टेक्सासची_ताई
प्रभू, तुमच्या "हरकत नाही"त किती हरकत भरलीय ते इथवर कळतंय :)

निंबोणी, माझा अनुभव परदेशातल्या ओव्हनचा आहे. इथला ऑल पर्पज मैदा आपल्या मैद्यासारखा वागत नाही, पाणी जास्त ओढतो. मी एक चतुर्थांश मैदा काढून त्या जागी बेसन आणि थोडा रवा घालते. दुसरं म्हणजे कपाचं माप सोडा. एक कप मैदा अलगद भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० च्या वर जातो. तुपाचं तसंच, थिजलेलं आणि पातळ यांच्या कपात फरक पडतो. साधा डिजिटल वजनकाटा घ्या, ओव्हनइतकाच उपयोगाचा आहे. आणि फॅनवाला ओव्हन असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवा.

भट्टीवाला
बऱ्याच दिवसांनी लिहितोय, विषयच तसा आहे. आमची बेकरी होती. वडिलांनी चालवली, मी कॉलेज करून गल्ल्यावर आणि भट्टीवर दोन्हीकडे असायचो. आता बंद आहे. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

भट्टी म्हणजे विटांची खोली. आत लाकूड जाळायचं, विटा तापल्या की निखारे बाजूला सारायचे किंवा बाहेर ओढायचे आणि तळ ओल्या पोत्याने पुसून घ्यायचा. पहिल्या कडक उष्णतेवर पाव. पाव उतरले की भट्टी हळूहळू निवायला लागते. मग बिस्किटं, नानकटाई. अगदी शेवटी, रात्रभर, टोस्टचे काप सुकायला. म्हणजे लोकांचे डबे यायचे ते उतरत्या भट्टीत जायचे. ट्रे आत गेला की आधी चटका आणि मग कमी होत जाणारी ऊब. वरचा भाग पटकन सुकतो, आतलं पीठ अजून फुगत असतं, म्हणून भेग पडते. बूड गरम विटेवर असतं, म्हणून तळ खरपूस.

ओटीजीत उलट होतं. आतली तापायची कांडी लाल होते, बंद पडते, पुन्हा लाल होते. तापमान धावत असतं, साठवण काहीच नाही. पत्रा तो, धरणार काय?

यावर उपाय असा. पोळ्यांचा जुना बिडाचा तवा असेल तर तो खालच्या जाळीवर ठेवा आणि ओव्हन २०० ला लावून चांगला अर्धा तास तापवा. ओव्हनच्या खोक्यावर दहा मिनिटं लिहिलेली असतात, त्यांत फक्त हवा तापते, तवा नाही. नानकटाईचा ट्रे तव्यावर टेकेल असा सरकवा आणि लगेच बटण १५० वर आणा. वीसेक मिनिटांनी बूड बघा. बदामी झालं असेल तर ओव्हन बंद करा, दार बोटभर उघडं ठेवा आणि ट्रे आतच राहू द्या. बाहेर काढायची घाई केली तर मऊ राहते आणि हातात मोडते.

प्रमाण (साधारण तीस नगांचं):
मैदा २०० ग्रॅम, बारीक रवा ५०, बेसन ५०, पिठीसाखर १५०, थिजलेलं तूप १८०, खायचा सोडा पाव टीस्पून, चिमूट मीठ, वेलची-जायफळ.

आता खरं काम तुपाचं आहे. परातीत तूप घ्या आणि तळहाताने फेसा. चिरोट्याच्या साट्याला फेसतो तसंच. पिवळं तूप पांढरं व्हायला लागतं, हाताला हलकं लागतं. वाटीभर पाण्यात थेंब टाकला आणि तरंगला की झालं. मग साखर घालून पुन्हा फेसा, आणि पीठ शेवटी, फक्त गोळा होण्यापुरतं. मळायचं नाही. पीठ कोरडं वाटलं तर दूध घालू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा, रवा जागेवर येतो आणि तूप सुटतं. मे महिना असेल किंवा नागपूर-जळगावकडचे असाल तर वळलेल्या नानकटाया अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच आत घाला, नाहीतर तूप आधी वितळतं आणि सगळ्या एकमेकींना जाऊन चिकटतात.

वऱ्हाडी_ठेचा
भट्टीवाले दादा, हे उतरत्या आचेचं वाचून आमचे रोडगे आठवले. गोवऱ्यांचा हार पेटवायचा, धूर सरला, लाल झाल्या की मंग त्यात कणकेचे गोळे. पेटत्या हारात टाकले त वरून कोळसा, अंदर कच्चे. वरची राख झटकायची, फोडायचे, तूप सोडायचं, संगं वांग्याची भाजी अन् वरण. आमच्या घरी ओव्हनात करून पाहिले, चव आली नाही, पण पोरं म्हणते "पप्पा, मस्त बन झाले". बन!

कोकणवेडी
मी हळूच एक गाव पुढे नेते. केक, ओव्हन हे सगळं नंतर आलं. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत धोंडस व्हायचंच, आणि ते खाली-वर निखारे ठेवून भाजलेलंच असतं. काही घरांत तवसळी म्हणतात. वेलीवर जून झालेली मोठी पिवळी काकडी, म्हणजे तवसं. ते सोलून, बिया काढून किसायचं. किसाचं पाणी टाकायचं नाही, त्यातच रवा शिजतो. तांदळाचा रवा तुपावर गुलाबी भाजायचा. किसाला गूळ घालून उकळी आणायची, ओलं खोबरं, वेलची, मीठ, हळदीचं बोट, त्यात रवा. जाड बुडाच्या पातेल्याला तूप लावून तळाशी हळदीचं पान. झाकणावर निखारे.

आता पुण्यात फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार? मी ओटीजीत दोन्ही कांड्या लावून १८० ला पाऊण तास ठेवते. वरची साल निखाऱ्यांवर होते तशी तांबूस होते, पानाचा वासही उतरतो. माझ्या सासूबाईंना केक म्हटला की नको असतो. धोंडस दोन वेळा मागून घेतात. अंडं नाही, मैदा नाही, सोडा नाही.

मांडवीकाठचा
कोकणवेडी, वरून आच म्हणालात म्हणून लिहितो. गोव्यात बेबिंकाला उष्णता वरूनच लागते. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा, जायफळ. एक पातळ थर ओतायचा, तो भाजला की तूप, मग दुसरा. पूर्वी मातीच्या भांड्यावर झाकणात नारळाच्या सोडणाचे निखारे ठेवत. ओटीजीत फक्त वरची कांडी लावून छान होतं, पण अर्धा दिवस तिथेच उभं राहायची तयारी हवी. निंबोणींच्या आईंना अर्थातच चालणार नाही, आमच्याकडे बलकाशिवाय बेबिंका कुणी मानत नाही.

लोकल_१२_डबा
जरा अवांतर. मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांचं काय होणार? २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या सुनावणीत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पावाची चव गेली म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी रडतं.

भट्टीवाला
धुराच्या चवीचं कौतुक थोडं जास्त होतं. पाव किंवा नानकटाई भाजताना आत जाळ नसतोच, निखारे बाजूला असतात. चव विटांच्या साठवलेल्या उष्णतेची. गॅसवर चालणारी, खाली दगडी लादी असलेली भट्टी नीट चालवली तर निम्म्या लोकांना फरक सांगता येणार नाही. खर्च मात्र झेपायला हवा, आणि लहान बेकरीवाल्याला तोच झेपत नाही. भट्टी फोडून नवीन बांधायची तर तेवढे दिवस धंदा बंद. आणि लाकडाच्या धुरात उभं राहून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांच्या खोकल्याबद्दल ग्रुपवर कुणी लिहीत नाही.

निंबोणी
प्रगती कळवते. बिडाचा तवा, अर्धा तास तापवणं, तूप हाताने फेसणं, सगळं केलं. तूप फेसताना दंड भरून आला, पण पांढरंशुभ्र झालं आणि थेंब तरंगला. भेगा काय पडल्यात म्हणता! बूड बदामी, वरून जवळजवळ पांढरी. ओव्हनमध्येच निवू दिल्या. मोडताना आवाज नाही, नुसती भुगा होते. लेक म्हणाली, "आई, ही खाताना बोलता येत नाही." आईने पसंतीची मान हलवली.

बाबांनी दोन खाल्ल्या (शुगर नंतर मोजू). म्हणाले, "भेग आली. पण तिला एक वास होता, तो नाहीये." वास कसला? लाकडाचा?

भट्टीवाला
नाही. ताई, आईंना एक विचारा. बेकरीत तूप कुठलं पाठवायच्या?

निंबोणी
विचारलं. आई जोरात हसली. म्हणे, "साजूक तूप कोण देतंय बेकरीत? डालड्याचा डबा द्यायचे मी."

भट्टीवाला
झालं. बाबा वनस्पती तूप शोधतायत. त्यात आमच्याकडून अमोनियाही पडायचा. खरं नाव अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीत नुसतं अमोनिया म्हणतात. तापला की पूर्ण वायू होऊन उडून जातो, बिस्किट एकदम हलकं करतो. भट्टीचं दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं ते त्याचंच. कोरड्या, चपट्या जिनसांतून तो निघून जातो, केकमध्ये घातला तर वास आत अडकून बसतो, म्हणून केकला कधी घालू नये. वनस्पती आणि अमोनिया या दोघांचा मिळून तो "बेकरीचा वास". तुमची साजूक तुपातली आमच्यापेक्षा चांगली झाली असणार, पण बाबांच्या लेखी नानकटाई म्हणजे तीच.

पेठेतला_प्रभू
म्हणजे आमची आजी जे तूप चोरीला जाईल म्हणून पहारा बसवायची, ते डालडा होतं?

भट्टीवाला
तुमच्या आजींचं मी कसं सांगू? पण दहातले आठ डबे तेच असायचे. आणि आम्ही कुणाचं तूप काढत नव्हतो. उलट कमी पडलं तर आमच्यातलं घालायचो, नाहीतर नानकटाई बिघडली म्हणून नाव बेकरीचं व्हायचं.

पेठेतला_प्रभू
आजी आता नाही, नाहीतर तुम्हाला उलटतपासणीला बोलावलं असतं.

अर्धा_चमचा
निंबोणी, वासासाठी म्हणून वनस्पती आणायला धावू नका. जुन्या वनस्पतीत ट्रान्स फॅट (हृदयाला वाईट अशी चरबी) भरपूर असायचं. आता २०२२ पासून तेला-वनस्पतीत ते २ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे, म्हणजे आजचं वनस्पती जुन्यासारखं नाहीच, चवही बदललेली वाटेल. फारच वाटलं तर सणापुरती अर्धी साजूक, अर्धी वनस्पती अशी एक खेप करा.

आणि शुगरवरून सांगतो, वर कुणी अजून लिहिलं नाही म्हणून: गुळाची नानकटाई "चालते" असं म्हणून बाबांना देऊ नका. गुळातही मुख्यत्वे साखरच असते, रक्तात जाऊन तेच करते. त्यापेक्षा नानकटाई लहान वळा, सुपारीएवढी, बेसनाचा भाग वाढवा आणि जेवणानंतर एकच द्या. किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

कोकणवेडी
सुपारीएवढी दिली की बाबा चार खातात, घरोघरीचा अनुभव.

उपाशी_बोका
या धाग्यावर विचारून घेतो. एकादशीला भगरीच्या पिठाचा केक केला, दही आणि सोडा घालून. केक सुरेख. पण आता घरात वाद आहे की सोडा उपवासाला चालतो का. वहिनी म्हणते चालतो, आत्या म्हणते नाही.

पेठेतला_प्रभू
साबुदाणा, बटाटा, मिरची ही सगळी बाहेरून आलेली मंडळी उपवासाच्या ताटात सुखाने बसलीत. सोड्यानेच काय घोडं मारलंय? केक खाऊन घ्या, आत्याला धोंडस द्या.

कोकणवेडी
धोंडसात तांदूळ असतो हो प्रभू! आत्या तुमच्याच अंगावर येतील.

निंबोणी
हसून हसून पुरेवाट. आता लेकीच्या केकचं. अंडं नको, कंडेन्स्ड मिल्क फार गोड होतं. कोकोचा डबा घरात आहे.

टेक्सासची_ताई
अंडं, दूध, बटर काहीच न घालता होणारा केक सांगते. इकडे घरोघरी होतो, आणि आईंनाही चालेल. दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक टीस्पून खायचा सोडा, अर्धा टीस्पून मीठ एकत्र चाळा. एक कप पाणी, एक तृतीयांश कप तेल, एक टेबलस्पून व्हिनेगर, व्हॅनिला. ओलं कोरड्यात घाला, गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा आणि लगेच ओव्हनमध्ये, १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास. "लगेच" महत्त्वाचं आहे. सोडा आणि व्हिनेगर भेटले की बुडबुडे सुरू होतात, ते तुमच्या फोन संपण्याची वाट बघत नाहीत.

डब्यावर "डच प्रोसेस्ड" किंवा "अल्कलाइज्ड" लिहिलं असेल तर त्या कोकोत आंबटपणा नसतो. या पाकृत व्हिनेगर आहे म्हणून निभावतं. पण जिथे आम्ल म्हणून फक्त कोकोवर भिस्त आहे, तिथे सोड्याऐवजी बेकिंग पावडर लागते. सोडा आणि पावडर एकाला एक बदलू नका, सोडा तिप्पट-चौपट तेज असतो. जास्त झाला तर केक साबणासारखा लागतो.

वऱ्हाडी_ठेचा
ज्याच्याकडे ओव्हनच नाही त्यानं काय करावं? कुकरात होते का हा?

अर्धा_चमचा
होतो. रिंग आणि शिटी काढा, तळाशी जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग भांडं आत आणि आच बारीक. पण रोजचा चांगला कुकर वापरू नका. पाण्याशिवाय तापवला की अॅल्युमिनियमचं बूड वाकतं आणि पुढे डाळ-भाताला रुसतो. अडगळीतला जुना काढा, किंवा जाड कढईवर झाकण. वरून तांबूस होणार नाही, वरची आच नाही म्हणून. कापून उलटा वाढा, कुणाला कळत नाही.

लोकल_१२_डबा
भट्टीवाले, शेवटचं. बायकोला चहाबरोबर खारी लागते. घरी कशी करायची?

भट्टीवाला
खारीला पिठाच्या घड्यांत मार्जरीनचा (लोण्यासारखी घट्ट, तेलापासूनची चरबी) थर द्यायचा, लाटायचं, पुन्हा घडी, मध्ये थंडीत ठेवायचं, असं बरेचदा. थर मऊ पडला की पिठात मिसळतो आणि खारीचा पराठा होतो. मुंबईच्या हवेत एसी लावून ओट्यावर लाटत बसाल, सकाळची सुरुवात कराल तर संध्याकाळचा चहा होऊन जाईल, आणि हाती येतील दोन वाट्या. विकत आणा. करायचीच हौस असेल तर बटर करा (लोणी नव्हे, चहात बुडवायचे ते कडक गोळे), जिरं घालून. यीस्टचं पीठ मळायचं, छोटे गोळे भाजायचे आणि मग मंद आचेवर पार सुकवायचे. त्याचं प्रमाण उद्या टाकतो, वही माळ्यावर आहे.